चौथा ठोका

खुर्ची जरा पुढे ओढून घ्या. ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. आणि लगेच भुताची वाट बघू नका, कारण सुरुवात एका शिडीपासून आहे.

काकूंनी माळा आवरायला शेजारून शिडी आणली होती. माळा एका दिवसात आवरून झाला, पण शिडी चार दिवस काकूंच्या घरात उभी राहिली. शिडी परत करणं हे शेजारी डोकावायचं हुकमी निमित्त होतं, आणि हुकमी निमित्त काकू उगाच खर्च करत नसत. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजून गेल्यावर त्यांनी ती खांद्याला लावली. थंडीचे दिवस होते. उजेड अजून दुधात पाणी घातल्यासारखा फिकट होता, आणि गल्लीतली घरं धुक्यात अर्धी बुडाली होती.

शेजारी खाली गॅरेज होतं आणि वर दोन खोल्या. गॅरेज मिस्त्रींचं. मिस्त्री मोटारी दुरुस्त करायचे. अकरा महिन्यांपूर्वी ते गेले आणि वर त्यांची बायको एकटीच उरली. गल्ली तिला मिस्त्रीणबाई म्हणायची, काकू वहिनी म्हणायच्या. एकच मुलगी, ती लांबच्या गावी. रविवारी तिचा फोन यायचा, आणि तो किती मिनिटं चालला हे काकूंना भिंतीपलीकडून कळायचं.

काकूंनी शिडी गॅरेजच्या शटरला टेकवली. शटर थरथरत होतं.

त्यांनी तळवा लावून पाहिला. खरंच थरथरत होतं. आत एक इंजिन चालू होतं, सावकाश, जुन्या माणसानं घसा साफ करत बसावं तसं. शटरच्या खालच्या फटीतून पेट्रोलचा आणि तापलेल्या ऑइलचा वास येत होता. काकूंना इतकं बरं वाटलं की त्या क्षणभर नुसत्या ऐकत राहिल्या. आत्याबाई चालू झाली वाटतं, असं त्यांच्या मनात आलं.

आणि मग त्यांना आठवलं, की आत्याबाईला जाऊन नऊ दिवस झाले होते.

आत्याबाई म्हणजे मिस्त्रींची मोटार. अडतीस वर्षांची. थंडीत रुसून बसायची, चुचकारल्याशिवाय हलायची नाही, पण एकदा निघाली की सगळ्यांना पोटात घेऊन मुक्कामी पोचवायची. म्हणून आत्याबाई. मिस्त्री रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिला पाच मिनिटं चालू ठेवायचे. ते गेल्यावर वहिनींनी तो नेम चालवला. काकूंच्या घरचं घड्याळ त्यावर लावलेलं होतं म्हणा ना. पण मग गाडीचं वय संपलं, आता रस्त्यावर आणता येणार नाही, असा कागद आला. मुलीनं फोनवर समजावलं, आणि एक दिवस आकडा लावलेला ट्रक येऊन तिला भंगारात घेऊन गेला. तीनच दिवसांत तिचा दाबून पेटीएवढा ठोकळा झाला. हे कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्यानं आपल्या डोळ्यांनी बघून सांगितलं होतं.

काकूंनी हात मागे घेतला. आवाज थांबला. बाजूचं दार उघडून वहिनी बाहेर आल्या आणि एवढ्याशा शिडीसाठी इतकी घाई कशाला केलीस, म्हणाल्या. हा टोमणा होता. काकूंनी तो गिळला आणि त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. गॅरेज रिकामं होतं. जमिनीवर गाडी उभी राहायची तेवढा काळपट चौकोन होता आणि भिंतीवर हत्यारं ओळीनं टांगलेली होती. वर जाताना वहिनी तिसऱ्या पायरीवर थांबल्या, कठडा धरला आणि गुडघे दुखतात म्हणाल्या. काकूंच्या नजरेतून सुटलं नाही की गुडघे दुखणारा माणूस हात गुडघ्यावर ठेवतो. वहिनींचा हात छातीवर होता.

आता काकूंच्या कानाबद्दल सांगायला हवं.

मिस्त्रींची काम करायची एक पद्धत होती. कुठलीही गाडी आली की आधी ते बोलायचेच नाहीत. लांब दांड्याचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचे, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. डॉक्टरसारखे. नीट चाललेलं इंजिन चार पायांच्या जनावरासारखं चालतं, असं ते सांगायचे. एक पाय लंगडला की गाडी मिसिंग मारते. तीन ठोके पडतात, चौथा गळतो. काकू तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या. हा लंगडेपणा त्यांना स्वयंपाक करता करता कळायचा, आणि मिस्त्रींच्या आधी त्या खिडकीतून ओरडून सांगायच्या.

शेवटच्या आजारपणात काकू बघायला गेल्या तेव्हा मिस्त्रींनी वहिनींना पाणी आणायला पाठवलं आणि हळूच म्हणाले, "ताई, भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तुमचा आहे, हे मला पहिल्यापासून माहीत आहे."

काकू ओशाळल्या.

"तो तसाच असू द्या," मिस्त्री म्हणाले. "ही दुखलं खुपलं काही सांगायची नाही. पण बंद पडण्याआधी आवाज येतोच. ऐकणारा पाहिजे."

जन्मभर ज्या खोडीपायी बोलणी खाल्ली, तीच कुणीतरी अशी मानानं पदरात घातली. काकू घरी येऊन रडल्या होत्या.

म्हणून दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी त्यांनी स्टीलचा पेला भिंतीला लावला. आवाज आला. तिसऱ्या दिवशीही आला. नवऱ्याला बोलावून ऐकवलं तर त्याला फ्रिजची घरघर ऐकू आली. आता मोटारीत सुद्धा भूत शिरायला लागलं का, असं म्हणून तो हसला आणि आपली नवी गाडी पुसायला गेला. तीन वर्षांची गाडी, पुढे टीव्हीएवढा पडदा, किल्ली खिशातच ठेवायची. एकदा तिच्या मागच्या दिव्याला तडा गेला. मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, हा बल्ब नाही बदलता येणार, अख्खं गाठोडंच नवीन बसवावं लागेल. ते गाठोडं यायला दीड महिना लागला. मिस्त्रींनी नव्या गाड्यांना नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणाले होते, की आत्याबाई उघडता येते म्हणून टिकली. जे उघडता येतं ते दुरुस्त होतं. जे डबाबंद येतं ते एक दिवस तसंच्या तसं फेकावं लागतं. नवऱ्याला हे झोंबलं होतं.

पाचव्या सकाळी पेल्यातला आवाज लंगडला.

काकूंनी मोजलं. एक, दोन, तीन... आणि रिकामं. पुन्हा एक, दोन, तीन... रिकामं. त्या रिकाम्या जागेत त्यांचा स्वतःचा श्वास अडकायचा. आणि मग दुसरीच एक गोष्ट लक्षात आली, आणि मानेवरून गार पाणी ओघळल्यासारखं झालं. ठोके मोजता येत होते. कुठल्याही इंजिनाचे ठोके असे एकेक करून मोजता येत नाहीत. इतक्या संथ चालीनं इंजिन चालतच नाही, बंद पडतं. हे काहीतरी चालत होतं, पण मोटार नव्हती.

त्या दिवशी काकू निमित्ताशिवाय शेजारी गेल्या. वहिनी खिडकीत बसून भाजी निवडत होत्या. चेहरा मेणासारखा दिसत होता. काकूंनी चार इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, पण मुद्दा काही जिभेवर येईना. शेवटी खालच्या आवाजात म्हणाल्या, "वहिनी, सकाळी तुम्हाला... काही ऐकू येतं?"

"काय?"

"गाडी."

वहिनींचे हात थांबले. "मला नाही येत," त्या म्हणाल्या. "तुला येते?" त्यांच्या आवाजात भीती नव्हती, हेवा होता. "कशी चालते?"

"मिसिंग मारते. तीन पडतात... चौथा गळतो."

वहिनींनी निवडलेली भाजी बाजूला सारली. "मग ती आत्याबाई नव्हे," त्या म्हणाल्या. "यांनी तिला एक दिवस मिसिंग मारू दिलं नाही."

काकूंच्या अंगावर सरसरून काटा आला. विषय बदलायला त्यांनी डॉक्टरचं काढलं, दम लागतो, चक्कर येते, एकदा दाखवून तर या. वहिनींनी उडवून लावलं. जुनं झालं की जायचंच असतं, माझा कागद यायचा राहिलाय एवढंच, म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्या. हसता हसता त्यांना धाप लागली. काकूंनी संध्याकाळी मुलीला फोन केला. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात येते, आईला घेऊनच जाते.

पुढचा आठवडा. काकूंना तेवढा धीर नव्हता, कारण आता त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं. मिस्त्री आले होते. ज्या वेळेला रोज गाडी चालू करायचे त्याच वेळेला येत होते, आणि बायकोला न्यायला येत होते. तीस वर्षं ज्या माणसाच्या हातचा चहा घेतला त्याची भीती वाटावी, याची काकूंना लाज वाटत होती, पण वाटत होती. त्या पेला न लावता, ओठ भिंतीला लावून म्हणायच्या, "दादा, इतक्यात नको... पोरगी येऊ दे. पाया पडते तुमच्या."

पलीकडून उत्तर यायचं. एक, दोन, तीन. आणि रिकामं.

तेराव्या सकाळी धुकं इतकं होतं की काकूंना अंगणातली दोरी दिसेना. त्यांनी सातलाच पेला लावला. आवाज आधीच चालू होता. एक, दोन... रिकामं. एक, दोन... रिकामं. मग एक. मग इतका वेळ काहीच नाही, की काकूंनी मनात दहापर्यंत मोजलं. मग पुन्हा एक.

मग बंद.

काकू भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. शांतता अशी होती की पेल्यात आपल्याच रक्ताची गाज ऐकू यावी. आणि त्यांच्या कानाच्या अगदी खाली, भिंतीच्या आतून, कुणीतरी हत्याराच्या मुठीनं ठोकावं तसं, ठक. ठक. ठक.

पेला हातातून पडला. काकू अनवाणी धावल्या.

बाजूच्या दाराला आतून कडी होती. उरलं शटर. ते शटर दोन माणसांनी जोर लावल्याशिवाय कधी वर गेलं नव्हतं. मिस्त्री सुद्धा कुणाला तरी हाक मारायचे. काकूंनी हात घातला आणि ते एका हातानं वर गेलं, तेल पाजल्यासारखं, आवाज न करता. आतली हवा उबदार होती, जशी तासभर गाडी चालू ठेवल्यावर असायची. जमिनीवरच्या त्या काळ्या चौकोनात वहिनी पडल्या होत्या. शेजारी झाडू होता. ओठ निळे पडले होते, पण नाकाशी बोट धरल्यावर श्वास लागला, इतका बारीक की नसल्यासारखा.

काकूंच्या हाकेनं नवरा आला. त्यानं वहिनींना उचललं, आपल्या गाडीकडे नेलं, आणि गाडीनं दार उघडलं नाही. किल्ली खिशात होती. गाडीला ती ओळखू येईना. काचेतून आतला पडदा दिसत होता, त्यावर एक चक्र गोल गोल फिरत होतं. नवऱ्यानं कंपनीला फोन लावला. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी त्याला पुढे कधीही यावरून टोमणा मारला नाही, हे त्यांच्या स्वभावाकडे बघता नवलच म्हणायचं.

धुक्यातून लाँड्रीवाल्याची जुनी व्हॅन खडखडत आली. दाराला दोरी बांधलेली, पत्र्याला पत्रा जोडलेला. त्यानं एका नजरेत ओळखलं, मागच्या कपड्यांच्या गाठोड्यांवर चादर पसरली आणि वहिनींना त्यावर निजवलं. काकूंनी घाबरत विचारलं, पोचेल ना ही? चढावर बंद पडली तर?

"मिस्त्रींचा हात लागलाय हिला," तो म्हणाला. "पंचवीस वर्षांत मला एकदाही ढकलायला लावलं नाही."

काकू मागे बसल्या, वहिनींचं डोकं मांडीवर घेऊन. वर दांडीला सगळ्या गल्लीचे इस्त्रीचे शर्ट टांगलेले होते आणि प्रत्येक वळणावर ते वहिनींवर झुकत होते, माणसं वाकून बघतात तसे. व्हॅनचं इंजिन मात्र चारही पायांवर पळत होतं. एक ठोका चुकला नाही. काकूंनी सबंध रस्ता त्या आवाजाला धरून काढला.

दवाखान्यात वहिनींना यंत्रं लावली. पडद्यावर हिरवी रेघ धावायला लागली आणि तिच्याबरोबर बारीक आवाज. एक, दोन, तीन. आणि रिकामं.

काकूंनी भिंतीचा आधार घेतला.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होती पण सावकाश समजावून सांगणारी. हृदयाचे तीन ठोके नीट पडतात, चौथ्याला निरोपच पोचत नाही, आज तर ओळीनं बरेच गळले, आणखी अर्ध्या तासानं आणलं असतं तर उपयोग नव्हता, असं तिनं सांगितलं. मग विचारलं, हे कधीपासून होतंय काही कल्पना आहे का?

"नऊ दिवस," काकूंच्या तोंडून निघून गेलं. "त्याआधी चारही पडत होते."

डॉक्टरीण बघतच राहिली. तुम्हाला कसं कळलं, असं तिनं विचारलं.

"शेजारी राहते मी," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात नर्सनं पडद्याआडून काकूंना बोलावलं. वहिनींच्या डाव्या बरगडीखाली एक काळा गोल ठिपका होता, करंगळीच्या नखाएवढा. नर्स स्पिरिटच्या बोळ्यानं तो घासत होती. हे ग्रीस कुठून लागलं, निघतच नाही, म्हणाली. काकूंनी ठिपका पाहिला. लांब दांड्याच्या कुठल्या हत्याराचं टोक तेवढं असतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मूठ कुणाच्या कानाला होती, हेही नको होतं.  त्यांनी वहिनींची चादर नीट केली.

मुलगी त्याच रात्री पोचली. दोन दिवसांनी वहिनींच्या खांद्याखाली एक लहानसं यंत्र बसवलं. त्याची बॅटरी दहाएक वर्षं चालते, संपली की दुसरी बसवायची, असं डॉक्टरणीनं सांगितल्यावर वहिनी गादीवर पडल्या पडल्या हसल्या. "म्हणजे मी अजून उघडता येण्यातली आहे," त्या काकूंना म्हणाल्या. "डबाबंद नाही."

त्या संध्याकाळी काकू घरी आल्या, दिवा न लावता भिंतीपाशी गेल्या आणि कपाळ टेकून उभ्या राहिल्या. भिंत गार होती. पलीकडे काहीच नव्हतं. त्यांनी जे मनात होतं ते सगळं बोलून टाकलं, की दादा, मी तुम्हाला भलतंच समजले. न्यायला आलात म्हणून भांडले. तुम्ही राखायला आला होतात. जिवंतपणी हात लावलात ते तारलंत आणि आता हात उरला नाही तरी तुमचं काम सुटलं नाही.  भीती थोडी होतीच, पण त्या भीतीहून कितीतरी मोठं असं काहीतरी त्या रात्री काकूंच्या छातीत होतं, आणि त्याला उपकार याशिवाय दुसरा शब्द त्यांना सापडला नाही.

वहिनी मुलीकडे गेल्या नाहीत. मुलगीच महिनाभर राहून गेली. वहिनी आता सगळ्या पायऱ्या न थांबता चढतात. सात वाजून दहा मिनिटांनी भिंतीपलीकडे त्यांच्या चहाच्या भांड्याचा आवाज होतो, बाकी काही नाही. काकूंनी पेला स्वयंपाकघरात परत ठेवला.

एवढ्यावर थांबलो असतो. पण परवाचं सांगायला हवं.

परवा सकाळी काकू धुवायचे कपडे वेगळे करत होत्या. नवरा आरशासमोर दाढी करत काहीतरी गुणगुणत होता. ठणठणीत माणूस, सर्दीशिवाय आजार माहीत नाही. गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हेही त्याला ठाऊक नाही. त्याचा पांढरा बनियन हातात घेतला तेव्हा काकूंना डाव्या बाजूला, बरगडीच्या जागी, एक काळा गोल ठिपका दिसला. करंगळीच्या नखाएवढा.

त्यांनी बनियन उलटा केला. ठिपका आतल्या अंगाला होता. बाहेरून कापड कोरं होतं.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी साबण लावला, घासलं, पुन्हा घासलं. मग त्या आरशापाशी गेल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अहो, आज ऑफिसला रजा टाका. डॉक्टरकडे जायचंय."

"कशाला? मला काय धाड भरलीये?" नवरा फेसाळ तोंडानं म्हणाला.

 काकू आपल्या बोटाकडे बघत होत्या. बोटाला ग्रीस लागलं होतं, आणि ते अजून कोमट होतं.